गॅप वाढवून भागत नाही
फ्लॅटबेड प्रिंटरवर वाकलेली शीट प्रिंटहेडला (शाई सोडणाऱ्या भागाला) घासते; तेव्हा हेड वर उचललं की धोका टळला, असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. वाकलेला सनबोर्ड (फोमचा बोर्ड) घासू नये म्हणून गॅप, म्हणजे हेड आणि शीटमधलं अंतर, वाढवायचा मोह होतो. पण दीड-दोन मिमीच्या जागी चार-पाच ठेवली की शाईचं तुषार उडतं, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात आणि तेच तुषार नोझल प्लेटवर (हेडच्या खालची, शाईची बारीक भोकं असलेली पट्टी) जाऊन बसतं. त्यापेक्षा कडा टेपने बेडला (शीट ठेवायच्या टेबलाला) चिकटवा, शीट खेचून धरणाऱ्या व्हॅक्यूमची उघडी भोकं झाका, आणि उंची शीटच्या मधोमध नाही, सगळ्यात वर आलेल्या कोपऱ्यावर मोजा.

यूव्ही मशीनवाल्यांसाठी (जिथे शाई अतिनील दिव्याने सुकवतात) आणखी एक: परावर्तित प्रकाश. आरसा ॲक्रिलिक, चकचकीत स्टील, अगदी साधी काचसुद्धा (खालचा ॲल्युमिनियमचा बेड चमकतो) दिव्याचा प्रकाश परत हेडवर फेकते आणि शाई नोझलमध्येच कडक होते. अशी शाई फ्लशने (सफाईच्या द्रवाने) सहसा सुटत नाही, कितीही घासा. आमच्याकडे ट्रॉफीच्या प्लेटांचं काम असलं की टेस्ट प्रिंटमध्ये नोझल इकडेतिकडे बंद न पडता दिव्याच्या बाजूलाच ओळीने बंद पडायची. तिथून संशय आला. आता काचेखाली मॅट काळा कागद अंथरतो, जॉबभोवतीचा उघडा बेडही त्यानेच झाकतो, दिव्याची पॉवर शाई जेमतेम सुकेल इतकीच ठेवतो. असल्या मालावर गॅप वाढवाल तर प्रकाश आत शिरायला उलट जास्त वाट मिळते.