माया कधी लागली? आजारपणात गेलेल्या गरोदरपणानंतरचे अनुभव

परवा एका मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला गेले होते. बाळंतीण छान नटून बसली होती, हसतही होती, पण पाळण्याकडे तिची नजर जात नव्हती. सातव्या महिन्यापासून ती अंथरुणाला खिळलेली होती हे मला ठाऊक होतं. परतताना रिक्षात मला माझं ते वर्ष आठवलं. डोहाळे, डिंकाचे लाडू, टाके, दूध, सगळ्यावर आपण तासन् तास बोलतो. गरोदरपण आजारपणात गेलं, मग मूल हातात आलं आणि आत काहीच हललं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. नाव नका लिहू, गाव लिहिलं तरी चालेल. सुरुवात मी करते.

मला पाचव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, त्या बाविसाव्यापर्यंत. "सगळ्यांनाच होतं गं" हे रोज ऐकायचे. सगळ्यांना होतं ते वेगळं. माझं वजन ९ किलोंनी उतरलं, लघवीत किटोन (पोटात अन्न टिकत नसल्याची खूण) सापडले, तीनदा ॲडमिट होऊन सलाइन लावलं. शेजारच्यांच्या घरी लसणाची फोडणी पडली की मी बाथरूममध्ये. थंड फरशीला गाल लावून पडून राहायचं, तेवढंच सुख. तिथल्या एका टाइलच्या कोपऱ्याला तडा होता, तो मी आजही कागदावर काढून दाखवीन.

मुलगी झाली. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास काय गोड असतो म्हणतात. मला त्या तेलादुधाच्या वासाने परत मळमळायचं. मी तिला वेळेवर पाजायचे, वहीत नोंद ठेवायचे: डावीकडे १५ मिनिटं, उजवीकडे १०, शी, शू. वही अगदी नेटकी. बारशाला पाळणा म्हणताना बायकांचे डोळे भरून आले आणि मी मनात म्हणत होते, ही माणसं जाणार कधी?

मग एकदा सासूबाईंची मावशी आली. मुलीला उचलून लाडानेच म्हणाली, "लबाडे, आईला फार छळलंस हं पोटात!" त्याआधी वीसेक जणांनी हेच म्हटलं असेल. त्या दिवशी माझ्या तोंडून फटकन गेलं, "तिने काहीही केलेलं नाहीये." सगळे गप्प. मावशींचं सोडा, मीच दचकले. मी पहिल्यांदा तिची बाजू घेतली होती. तेव्हा ती अकरा आठवड्यांची होती.

(गंमत म्हणजे शास्त्राने मावशींची बाजू थोडी घेतलीय. २०२३च्या शेवटी 'नेचर'मध्ये यावर संशोधन आलं. या उलट्यांमागे जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक असतं आणि ते मुख्यतः गर्भ-वारेकडूनच आईच्या रक्तात येतं. पण जिच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. हे मी मुलीला समजावून सांगायला गेले. तिला आइस्क्रीम हवं होतं.)

सोलापूर, प्राथमिक शिक्षिका

एकतिसाव्या आठवड्यात बीपी १९०/११०. चेहरा सुजलेला, डोळ्यांपुढे काजवे. मला वाटलं, शाळा तपासणीचं टेन्शन असेल. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं तेव्हा अंगातून उकळतं पाणी फिरल्यासारखं झालं, पुढचं आठवत नाही. सिझर. बाळ १,२४० ग्रॅम. मी एका दवाखान्यात, ते दुसऱ्याच ठिकाणी काचेच्या पेटीत. चौथ्या दिवशी नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मी "बरं" म्हणाले आणि पाणी मागितलं.

पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. घरचे नाव सुचवायला लागले की मी विषय बदलायचे. नाव ठेवलं आणि ते गेलं, तर त्या नावाने रडावं लागेल, असा माझा सरळ हिशोब होता.

दोन आठवड्यांनी सिस्टरांनी कांगारू पद्धत शिकवली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आपल्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे, वरून ओढणी घट्ट बांधायची. पहिल्या दिवशी तासभर मी घड्याळाकडेच बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही काही वाटून घ्यायची गरज नाही हो, नुसत्या बसा. तो तुमच्याकडून ऊब घेतोय, बाकी त्याला काही नको." हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं! प्रेम नव्हतं माझ्याकडे, पण ऊब तर होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात पेट्या कमी पडल्या म्हणून ही पद्धत निघाली, हे मी नंतर वाचलं.

सव्विसाव्या दिवशी नाव ठेवलं. घरी, बारसं न करता.

मुंबई

माझं बाळ पहिले नऊ दिवस दुसऱ्या बायांच्या दुधावर जगलं, कारण मी डेंग्यूने आयसीयूत होते. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. माझं बाळ दुसरीकडे होतं, पण सोय तीच. त्या बायांचे उपकार फिटणार नाहीत. आणि त्यांचा मत्सरही वाटला, खूप. दोन्ही एकदम वाटतं. एवढंच लिहायचं होतं.

राजापूरकडच्या आजी (टाइप नातीने केलंय)

१९८३ साल. सातव्या महिन्यात मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. मी काही वाचत नाही असंच सगळे धरून चालले होते. वाचले, मुलगाही वाचला, पण नंतर दोन महिने मी पडूनच. थोरल्या जाऊबाईंचं मूल तेव्हा आठ महिन्यांचं, त्यांनी दोघांना पाजलं. मुलगा त्यांना आई म्हणायला लागला आणि मला वहिनी, माझे दीर म्हणायचे तसं. त्या काळी एकत्र घरांत असं चालायचंच, कुणाला खटकलं नाही. मला खटकलं, पण बोलायची सोय नव्हती.

जाऊबाई २०१६ साली गेल्या. तेव्हा तो ज्या आकांताने रडला, ते बघून मला कळलं की माझ्यासाठी तो असा रडणार नाही. तक्रार नाही माझी. दर शनिवारी फोन करतो, गुडघ्यांची चौकशी करतो, गोळ्या पाठवतो. मलाही त्याचं कौतुक आहे. पण तुम्ही म्हणता ती माया मला धाकटीची लागली, त्याची तशी नाही लागली. या वयात खोटं कशाला लिहू?

*आजी, "खोटं कशाला लिहू" यासाठीच हा धागा आहे. नमस्कार करते. – धागाकर्ती*

लेस्टर (इंग्लंड), मूळची कोल्हापूरची

मला तिसाव्या आठवड्यापासून खाज सुटली. पुरळ नाही, काही नाही. तळहात-तळपाय, तेही रात्री. कंगव्याने तळवे खाजवायचे आणि फ्रीझरमधल्या मटारच्या पाकिटावर पाय ठेवून झोपायचे. रक्तात पित्ताम्ल वाढलेली निघाली, यकृताचा त्रास. बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढू शकतो असं डॉक्टरांनी सांगितल्यावर रोज रात्री लाथा मोजत बसायचे. सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवल्या. मुलगी झाली, खाज दोन दिवसांत गेली. आणि मोजायला काही उरलं नाही. मी नुसती रिकामी.

इथे बाळंतपणानंतर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाची विचारपूस करणाऱ्या नर्स, घरी येतात. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७पासून वापरात आहे. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल. मी शहाण्या मुलीसारखी सगळीकडे शून्य गुण (म्हणजे काहीच त्रास नाही) येतील अशी उत्तरं लिहिली. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "दीड महिन्याच्या बाळाच्या आईला शून्य? मी पुढच्या आठवड्यात परत येते."

तोवर आई भारतातून येऊन पोचली होती. त्या रात्री मी तिला सांगितलं, "आई, मला बाळ आवडत नाही." इंग्रजीत बाँडिंग वगैरे म्हणता आलं असतं, आईपुढे तो शब्द कसला वापरणार? ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पण तू चार महिने आवडली न्हवतीस. टायफॉइडनं अर्धी झाल्ते मी, त्यात तू रातभर कोकलायचीस." मी थक्क. छत्तीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी कागद खरा भरला. गुण बरेच आले, मग समुपदेशन, सहा महिने.

नागपूर. मी वडील आहे, लिहू का?

*लिहा की. – धागाकर्ती*

मे २०२१. बायकोला चौतिसाव्या आठवड्यात कोविड. ऑक्सिजन, सिझर, बाळ सतरा दिवस साळीकडे. दोघी घरी आल्यावर हिची झोपच गेली. रात्री तीन वाजता बाळाचे कपडे डेटॉलच्या पाण्यात धूत बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे ते बाळ नाही, बदललंय." आम्ही म्हटलं, थकवा असेल. आमच्या आईने "बाहेरचं आहे" म्हणून एकाला बोलावलं, त्याने लिंबं उतरवली. मी इंजिनिअर माणूस, मीही गप्प बसलो. आठ दिवस वाया घालवले.

बाळंतपणानंतरचं सायकोसिस होतं, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणारा मानसिक आजार. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं आणि ही इमर्जन्सी असते, हार्ट अटॅकसारखीच. कुणी असं बोलायला लागलं, झोप पूर्ण गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आम्ही भरती केलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईपासून तोडू नये असं आहे. डॉक्टरांनी बाळ सोबत ठेवू दिलं, माझी बहीण चोवीस तास खोलीत. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या रुग्णालयात आई-बाळासाठी वेगळा वॉर्डच आहे, आमच्याकडे खुर्चीवर बसलेली बहीण होती.

बायको आता पूर्ण बरी आहे, बँकेत जाते. ते आठवडे तिला आठवत नाहीत. मधेच विचारते, "मी तिला काही केलं होतं का?" नाही केलं. खरंच नाही केलं. तरी विचारते.

ठाणे

माझं उलट. माया पहिल्या मिनिटापासून, पण तिचाच छळ. मला गरोदरपणात मधुमेह होता, दिवसातून चारदा बोट टोचून साखर बघायची. ती मोजायची सवय बाळावर गेली. दर वीस मिनिटांनी उठून नाकापाशी बोट धरायचे. मग एक चित्र यायला लागलं: आपण हिला गॅलरीतून खाली टाकतोय. चौथा मजला. मी गॅलरीच्या कडीला परकराची नाडी बांधून गाठ मारून ठेवली, स्वतःपासून वाचवायला. नवऱ्याला सांगितलं, वारा येतो.

सात आठवडे गप्प होते, मूल काढून घेतील म्हणून. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांसमोर बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, असे नकोसे विचार खूप आयांच्या मनात येतात. तुम्ही त्यांना इतक्या घाबरता, हीच तर निशाणी आहे की तुम्हाला तसं करायचं नाही. सर्ट्रालिन हे औषध सुरू केलं, अंगावर पाजणंही चालू ठेवायला सांगितलं (तुम्ही आपापल्या डॉक्टरांना विचारा). नाडी सुटायला दोन महिने लागले.

नंदुरबार जिल्हा, आशा कार्यकर्ती

मी बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. फॉर्मवर बाळाचं वजन, ताप, दूध ओढतं का. आईचा ताप, रक्तस्राव, आणि ती असंबद्ध बोलते का. जी बोलतच नाही, तिच्यासाठी रकाना नाही.

एक सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट होती. नऊ महिन्यांत दोनदा रक्त चढवलेलं, हाडं दुखून रडायची. सातव्या दिवशी मी विचारलं, बाळ रडतं तेव्हा तुला काय होतं? म्हणाली, राग येतो. सासू लगेच "असं बोलतात का" म्हणून धावली. मी म्हटलं, तुम्ही चूल बघा. बाळ घेऊन ओट्यावर बसले, तिला झोपायला लावलं. दीड तास झोपली. चौदाव्या दिवशी गेले, तर मला बघताच बाळ माझ्या हातात आणि ही आत! वजन करायच्या आधीच.

*हा रकाना वाचून आठवलं: गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आयांचा अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. चारातली जवळजवळ एक. तेही गरोदरपण बरं गेलेल्या धरून. – धागाकर्ती*

(गाव नाही)

सगळं वाचलं. बाळ १९ दिवसांचं आहे. अडीच वाजलेत. मला गॅलरीसारखं काही होत नाही. मला फक्त वाटतं की मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल.

*ताई, मी जागी आहे. घरात आत्ता कोण आहे? – धागाकर्ती*

नणंद. शेजारच्या खोलीत.

*तिला उठवा. काय सांगायचं ते सुचलं नाही तर काही सांगू नका, बाळ तिच्याकडे द्या आणि तुम्ही वर लिहिलेली ओळ तिला दाखवा. मग दोघी मिळून १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पण आधी नणंद.*

झोपलीये ती. दिवसभर राबते.

*उठवा.*

उठवलं. चहा टाकतेय. फोन तिनेच हातात घेतलाय.