आईचं बीपी तीनदा मोजलं, तिन्ही आकडे वेगळे. खरा कोणता?

धाकटा
आईचं वय 68. आज सकाळी घरच्या मशीनवर लागोपाठ तीनदा घेतलं: 158/74, 149/72, 144/72. दवाखान्यात 164/76 होतं. मशीन बिघडलंय का? आणि आई म्हणते, "खालचा आकडा चांगलाय ना, मग गोळी कशाला?" तिला काय सांगू?

वहीवाली
मशीन ठीक असावं. पहिला आकडा बहुधा चढाच येतो. बाबांचं बीपी मी चार वर्षं वहीत लिहितेय. आधी ते हात मांडीवर ठेवून, बोलत बोलत मोजून घ्यायचे. पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं, तर 152 चे 138 झाले. पट्टाही बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो, आमच्याकडे तेही झालं होतं. आणि आधी लघवीला जाऊन येऊ द्या.

जुनी परिचारिका
आईंच्या प्रश्नाबद्दल. वरचा आकडा हृदय आकसून रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा दोन ठोक्यांच्या मधला. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, लवचिक असते तेव्हा ती फुगून प्रत्येक ठोक्याचा धक्का झेलते आणि मग सावकाश आवळत रक्त पुढे सरकवते. वयाबरोबर ती ताठर होते. मग वरचा चढतो आणि खालचा उलट उतरतो. म्हणून या वयात 74 बघून निर्धास्त होऊ नका. एकटा वरचा वाढला तरी पक्षाघाताचा धोका वाढतोच, हे मी वॉर्डात फार जवळून पाहिलंय.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोनदा घ्या. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ला जास्त म्हणतात, घरी 135/85 लाच. एकदा उभं करूनही मोजा. मात्र 180/120 च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा बोलणं अडखळतंय, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

धाकटा
आठवडा झाला. सरासरी 143/71. बसून 144 होतं, उभं राहिल्यावर मिनिटभरात 119.

जुनी परिचारिका
20 किंवा त्याहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. गोळी ठरवताना ते लागतं. तोवर आईंना अंथरुणातून झटकन उठू देऊ नका.

धाकटा
सकाळी उठताना गरगरतं असं ती महिनाभर म्हणत होती. मी थकवा समजलो. वही घेऊन उद्याच जातोय.