नुसत्या किमतीवर गाडी खपत नाही

'मारुती खपते ती फक्त स्वस्त म्हणून' असं या चर्चेत कुणी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. तसं असतं तर टाटांची नॅनो गल्लोगल्ली दिसली असती. २००९ मध्ये एक लाखाचा गाजावाजा करत आली, पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्काच तिला नडला. हप्ते भरून गाडी घेणाऱ्याला सोसायटीत थोडं मिरवायचंही असतं की!

माझ्याकडे आधी दुसऱ्या एका कंपनीची (नाव नको) हॅचबॅक होती. ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षाने मागून ठोकलं, टेललॅम्प फुटला. पार्ट यायला तीन आठवडे! तोवर लाल जिलेटिन पेपर चिकटवून फिरलो. आता मारुतीची वॅगनआर आहे. क्लच प्लेट बदलायची वेळ आली तेव्हा वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने पोऱ्याला दुकानात पिटाळलं, वीस मिनिटांत पार्ट हजर, संध्याकाळी गाडी दारात. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांचा हात या गाड्यांवर बसलाय.

त्यात सीएनजी. घोडबंदर रोडला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना पेट्रोलचा काटा बघून पोटात गोळा येतो. किट कंपनीचंच, त्यामुळे वॉरंटीची कटकट नाही. सिलिंडरने डिकी खाल्ली हे खरं, गणपतीला गावी जाताना बोचकी मांडीवर.

मारुती सुरक्षेत कमी पडते हे तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. पण शेजाऱ्यांनी सात वर्षं वापरलेली मारुती विकायची म्हटलं, तर जाहिरात टाकायच्या आधीच वॉचमनचा मेहुणा टोकन घेऊन दारात उभा!