पाण्यासोबत गाळही तपासा

पुण्याच्या मुळा-मुठा नदीबद्दल कुणीतरी म्हटलंय की पाण्याचा नमुना ठीक आला म्हणजे काळजी मिटली. मला हे अजिबात पटत नाही. शिसं, कॅडमियम बरंचसं गाळाला चिकटून तळाशी बसतं आणि पुरात गाळ ढवळला की पुन्हा वर येतं. चेर्नोबिलच्या अणुभट्टी-अपघातानंतर (१९८६) युरोपातल्या तळ्यांत हेच दिसलं: पाणी निवळलं तरी किरणोत्सारी सीझियम-१३७ गाळात आणि माशांत टिकून राहिलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं. ज्या तळ्यांत पोटॅशियम कमी, तिथल्या माशांत ते जास्त साठलं, कारण शरीर त्याला पोटॅशियमसारखंच शोषून घेतं.

आपल्याकडे प्रश्न मुख्यतः धातूंचा. बंडगार्डनला जलपर्णी काढतात तेव्हा मुळांना लोंबणारा काळा गाळ बघा. ही मुळं धातू शोषतात. काठावरच कुजू दिली तर ते परत नदीतच. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनी धरणात जातं आणि उजनीची चिलापी मासळी आपल्या ताटात येते. म्हणून गाळ, मुळं आणि माशांचं यकृत, तिन्ही तपासायला हवं, तेही पावसाळ्याआधी आणि नंतर.