जावातील सापशिडी: बाकीच्या खेळाडूंच्या पडद्यावर पट जुनाच का दिसतो?

प्रश्न:
चार खेळाडूंसाठी जावामध्ये सापशिडी लिहीत आहे. सर्व्हरवर प्रत्येक खेळाडूसाठी स्वतंत्र थ्रेड (इतरांसोबत एकाच वेळी चालणारा कामाचा धागा) आहे आणि चाल झाली की सोंगट्यांच्या जागांची ॲरे (यादी) असलेला पटाचा ऑब्जेक्ट ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीममधून (ऑब्जेक्ट पाठवण्याच्या जावाच्या सोयीतून) सर्वांना जातो. पहिला पट बरोबर दिसतो. त्यानंतर मात्र सर्व्हरच्या लॉगमध्ये सोंगटी १४ व्या घरात असूनही पडद्यावर ती जागची हलत नाही. एररही येत नाही. शिवाय दुसऱ्याच्या चालीची वाट पाहताना स्विंगची (जावाच्या विंडो-बटणांच्या लायब्ररीची) विंडो गोठते, ती बंदही करता येत नाही. दोन्हींचे मूळ एकच असेल का?

उत्तर १:
नाही, मुळे दोन आहेत. एकदा पाठवलेला ऑब्जेक्ट स्ट्रीम लक्षात ठेवते. तोच पुन्हा दिला, की आतील ॲरे बदलली आहे का हे न पाहता ती ‘मघाचाच तो’ एवढीच खूण पाठवते, आणि पलीकडे जुनाच पट हाती येतो. प्रत्येक राइटऑब्जेक्टआधी त्याच स्ट्रीमवर रीसेट कॉल करावे, म्हणजे ती आधीचे ऑब्जेक्ट विसरते. त्याऐवजी ऑब्जेक्ट नव्याने पाठवणारे राइटअनशेअर्ड वापरण्याचा मोह होईल, पण ते वरच्या ऑब्जेक्टपुरतेच लागू असल्याने आतील ॲरे जुनीच राहील.
विंडो गोठते, कारण ऑब्जेक्ट येईपर्यंत थांबून राहणारे रीडऑब्जेक्ट बहुधा बटणाच्या लिसनरमधूनच (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमधूनच) कॉल होत आहे. वाचन वेगळ्या थ्रेडवर न्यावे आणि पडद्यावरचा बदल इन्व्होकलेटरमधून (काम स्विंगच्या थ्रेडकडे सोपवून) करावा.

उत्तर २:
रीसेटने काम भागेल, तरी संपूर्ण पट पाठवण्याची गरजच मला पटत नाही. ‘चाल २ १४’ (दुसरा खेळाडू, १४ वे घर) अशी एक ओळ पुरते, आणि ती लॉगमध्ये डोळ्यांनी वाचता येते. फासाही सर्व्हरनेच टाकावा. क्लायंटने (खेळाडूकडच्या प्रोग्रामने) सांगितलेला आकडा मान्य केला, तर प्रत्येक वेळी सहाच पडण्याची सोय कोणीतरी करून घेईलच. ओळी लिहिणाऱ्या प्रिंटरायटरमध्ये ऑटोफ्लश (लिहिलेले लगेच पाठवणे) चालू केला तरी तो प्रिंटएलएनवर लागू होतो, साध्या प्रिंटवर नाही, आणि शेवटी नवी ओळ नसेल तर पलीकडचे ओळ वाचणारे रीडलाइन अडकून राहते.

प्रश्नकर्ता:
रीसेटनंतर सोंगट्या हलू लागल्या, आभारी आहे. ओळींची पद्धतही आता लिहून पाहतो. मात्र दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले, किंवा पाळी असलेला खेळाडू मध्येच निघून गेला, तर काय करावे?

उत्तर १:
खेळाडूंच्या थ्रेडना पटाला हात लावू देऊ नये. त्यांनी आलेली ओळ फक्त ब्लॉकिंगक्यूमध्ये (अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वापरता येणाऱ्या रांगेत) टाकावी, आणि ती उचलून पाळी तपासण्याचे व सोंगटी हलवण्याचे काम एकाच थ्रेडने करावे. कनेक्शन रीतसर बंद झाले तर रीडलाइन नल (‘काहीच नाही’) देते. तीच ‘गेला’ अशी नोंद म्हणून क्यूमध्ये टाकावी, म्हणजे पाळी पुढे सरकेल. नेटवर्क अचानक तुटल्यास मात्र नलही येत नाही, त्यासाठी सॉकेटवर (त्या कनेक्शनवर) सेटएसओटाइमआउट, म्हणजे वाचनाची वाट पाहण्याची मुदत, लावून ठेवावे.