मुलगा जर्मनीला निघालाय, चेक-इन बॅगेत काय भरू? बेळगावहून गेलेल्यांनी सांगा

शहापूरची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगा मास्टर्सला जर्मनीला निघालाय, सप्टेंबरात जायचंय, मुंबईहून विमान आहे आणि तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा लिहिल्यात. घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय. सासूबाई म्हणतात कुंदा दे, ह्यांचं म्हणणं बेळगाव बासमती दे निदान पाच किलो, आणि पोरगा म्हणतो काही नको तिथं सगळं मिळतं. मला शेंगाची चटणी, लोणचं, कुकर आणि थोडं पूजेचं सामान द्यायचंय. काय चालतं काय नाही नीट सांगा, आणि सांब्र्याहून (आपल्या बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईपर्यंत विमानानं जावं का बसनं तेपण सांगा.

खानापूरकर
वहिनी, आधी तिकीट बघा, भरायचं नंतर. सांब्रा ते मुंबई वेगळं तिकीट काढलं असेल तर त्या विमानाला इंटरनॅशनलचे ४६ किलो लागू होत नाहीत, आपल्याकडं देशातल्या विमानात इकॉनॉमीला साधारण १५ किलोच धरतात, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे घेतात आणि ते लई होतात. शिवाय मुंबईत बॅगा उतरवून घेऊन परत दुसऱ्या काउंटरला द्याव्या लागतात. एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरावर) सगळा प्रवास असेल तर प्रश्न नाही. नाहीतर सरळ स्लीपर बस नाहीतर घरची गाडी, एवढं सामान असताना तेच परवडतं. फक्त सप्टेंबरात पाऊस असतोय, बसच्या डिकीत पाणी शिरतं, तेव्हा कपडे बॅगेत भरायच्या आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

म्युनिक_टिळकवाडी
काकू, मी इथं शिकून आता नोकरी करते, दरवर्षी नवीन मुलं येतात त्यांची सामान उघडतानाची धांदल बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुंदा नको. मला माहितीय मन मानत नाही, मलापण घरून निघताना हाच हट्ट व्हायचा, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे आणि कुंदा म्हणजे दूध आटवूनच केलेला. पेढा, खवा, घरचं लोणकढं तूप, सगळं त्याच यादीत. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर तिथंच काढून टाकतात आणि दंडपण होऊ शकतो. पोराला निघायच्या आदल्या रात्री घरीच पोटभर खाऊ घाला. सोबत द्यायचंच असेल तर गोकाकचा करदंट द्या, डिंक, सुकामेवा आणि गुळाचा असतो, टिकतोपण, पण घेताना दुकानात विचारा खवा वगैरे घातलाय का.

ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, आंबे हेपण नको. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या, पानं आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, केळी, अननस, खजूर, नारळ, ड्युरियन एवढीच सोडून. कढीपत्ता घरीच सावलीत वाळवून कुरकुरीत झाला की डब्यात द्या, वास टिकतो.

तांदूळ, डाळ, आटा ह्यावर वजन घालवू नका. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट कुठंही इंडियन किराणा आहे. बेळगाव बासमती मात्र मिळत नाही, म्हणून काकांचं मन राखायला एक किलो द्या, पाच नको. जे मिळत नाही ते द्या: शेंगाची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, ब्याडगीचं तिखट, घरचा मसाला, मेतकूट.

चटणी कुटली की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, कोमट असताना पिशवीत भरली तर आतून घाम सुटतो आणि महिन्याभरात बुरशी. तेल घालू नका, तिथं घालून खाईल. पाव पाव किलोच्या पिशव्या करा, हवा काढून सील करा आणि प्रत्येकीवर मार्करनं इंग्रजीत लिहा काय आहे, नाव नसलेली लाल पूड बघितली की ते लोक उघडून विचारत बसतात. लोणचं चेक-इनमध्येच, हँडबॅगेत तेलाचं लोणचं घेत नाहीत. झाकणाखाली क्लिंग फिल्म, झाकणावरून सेलोटेपचे तीनचार वेढे, मग दोन पिशव्या एकमेकींत, आणि बरणी टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, कडेला नको.

कुकर तीन लिटरचा घ्या आणि इंडक्शन बेसचाच घ्या, इथल्या बऱ्याच हॉस्टेलात इंडक्शन आहे, साधा अॅल्युमिनियमचा त्यावर तापत नाही. आत मोजे आणि चटणीच्या पिशव्या भरा म्हणजे जागा वाया जात नाही. जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नक्की द्या, कंपनीचे पार्ट इथं शोधत फिरावं लागतं.

करंट इथंपण २३० व्होल्ट, त्यामुळं कन्व्हर्टर नको, नुसता अडॅप्टर. एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड दिला की सगळे चार्जर त्यावर लागतात.

हिंडलग्याचा_आनंद
कुंद्याचं एवढं मनावर घेऊ नका. माझ्या मेहुण्यानं नेला की, कुणी बघितलंपण नाही.

म्युनिक_टिळकवाडी
दादा, नाही बघितलं म्हणून चालतं असं नाही होत. नवीन पोरगं, पहिल्यांदा देशाबाहेर, त्याला पहिल्याच दिवशी कस्टमसमोर उभं करायची काय गरज आहे सांगा.

निपाणी_एक्सप्रेस
पूजेच्या सामानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. कापूर चालत नाही, काडेपेटी चालत नाही, दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू. उदबत्ती, हळदकुंकू, छोटी समई, मूर्ती द्या बिनधास्त. आणि मावशी, सुकं खोबरं! वाट्या चेक-इनमध्ये घालू नका, त्यात तेल असतं आणि आपोआप तापून पेटायचा धोका असतो म्हणून २०२२ पासून आपल्या विमानतळांवर चेक-इनला बंदी आहे. लोकांना हे माहितीच नसतं, स्कॅनिंगला बॅग बाजूला काढतात आणि ऐनवेळी धावपळ.

पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये कधीच नाही, हँडबॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, म्हणजे २०,००० एमएएचची साधारण ७४ होते, ती चालेल. आकडा पुसलेली जुनी पॉवरबँक नेऊ नका, त्यावरून अडवतात. लॅपटॉप, पासपोर्ट, अॅडमिशन लेटर, एपीएस सर्टिफिकेट (जर्मनीसाठी शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटचे (तिथल्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्याचे) आणि इन्शुरन्सचे कागद, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट औषधं, एक जोडी कपडे, हे सगळं अंगाजवळ. बॅग एखादा दिवस उशिरा आली तरी पोराचं काही अडलं नाही पाहिजे. जाड जॅकेट बॅगेत भरू नका, हातात धरून जाऊ दे, दीड दोन किलो वाचतात.

चिकोडी_ताई
मध्येच विचारते, आमचे भाऊजी दुबईला जातायत पुढच्या महिन्यात, त्यांना हेच सगळं लागू होतं का?

निपाणी_एक्सप्रेस
ताई, विमानाचे नियम तेच. पण दुबईला खसखस अजिबात नको, एक चिमूटपण नको. तिथं ती अमली पदार्थात धरतात, लोक जेलमध्ये गेलेत. अनारसे, खसखस घातलेला मसाला, सगळं तपासून मगच द्या. विड्याची पानंपण नकोत. खोकल्याचं औषध आणि दुखण्याच्या गोळ्यांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असेल तर आधी परवानगी काढावी लागते, तेव्हा घरातल्या औषधांची पिशवी तशीच उचलून देऊ नका.

खानापूरकर
वहिनी तुमचा मुलगापण गल्फमार्गे जाणार असेल तर खसखशीचं हे त्यालापण लागू समजा.

शहापूरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. गल्फमार्गेच आहे तिकीट, बरं झालं सांगितलंत, गरम मसाल्यात आमच्याकडं खसखस असतीच, आता त्याच्यापुरता वेगळा कुटते. सासूबाईंना कुंद्याचं समजावलं, थोड्या नाराज आहेत पण ऐकलं. करदंट गोकाकहूनच मागवतोय. एकच राहिलं, वजन घरी कसं करायचं? २३ च्या वर गेलं तर?

खानापूरकर
हुकाचा डिजिटल काटा मिळतो, बॅगेच्या हँडलला अडकवून उचलायचं. नाहीतर वजनकाट्यावर मुलाला एकदा नुसतं आणि एकदा बॅग घेऊन उभं करा, फरक काढा. २२ वर थांबा, काउंटरचा काटा आणि घरचा काटा सारखा दाखवीलच असं नाही. दोन बॅगांचं मिळून ४६ धरत नाहीत बऱ्याच कंपन्या, प्रत्येक बॅग २३ च्या आतच लागते, तेव्हा एकात कुकर आणि दुसऱ्यात चटण्या असं वाटून घाला. आणि चटण्यापण दोन्ही बॅगेत थोड्या थोड्या.