मुलीला ख्रिस्ती विद्यापीठात अ‍ॅडमिशन मिळालंय, ‘मिशन आणि श्रद्धा’ असं लिहिलेल्या पानावर सही करायची म्हणजे नक्की काय?

सांखळीची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी यंदा बारावी झाली, तिला सायकॉलॉजी करायचं होतं आणि बेंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या लिस्टमध्ये तिचं नाव लागलंय. आम्ही सगळे खूश होतो, पण काल फॉर्म डाउनलोड केला तर त्यात शेवटी दोन पानं आहेत. एका पानावर त्यांचं मिशन, म्हणजे माणूस घडवणं, समाजाची सेवा, गरिबांसाठी शिक्षण वगैरे, ते वाचून मला बरंच वाटलं. दुसऱ्या पानावर ‘आमच्या श्रद्धा’ म्हणून लिहिलंय, देव एकच पण पिता पुत्र पवित्र आत्मा असा त्रैक्य, बायबल हा देवाचा शब्द, येशूचं मरण आणि पुनरुत्थान. आणि त्याच्या खाली मुलीने आणि आम्ही पालकांनी सही करायची ओळ, की ‘संस्थेच्या ख्रिस्ती मूल्यांचा मी आदर करीन आणि विद्यापीठाच्या कार्यक्रमांत सहभागी होईन’.

आता हे ‘कार्यक्रम’ म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या गप्पच झाल्या. आमचा कुळदेव मंगेश, मूळ देऊळ कुठ्ठाळीला होतं ते पोर्तुगिजांच्या भीतीने १५६० मध्ये नदीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून सांगतात, तर त्यांच्या मनात तेच आलं असणार. आणि याच सासूबाई दरवर्षी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (जत्रेला) तेल घेऊन जातात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून, त्यामुळे त्यांच्या मनात कुणाबद्दल वाईट आहे असं अजिबात नाही. सही हा शब्द ऐकून त्या घाबरल्या. खरं सांगायचं तर मीही.

फी भरायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. कुणी अशा ठिकाणी शिकलंय का, किंवा शिकवलंय का? प्लीज सांगा.

साष्टीचा_मास्तर

ताई, मी कॅथलिक आहे आणि गेली बरीच वर्षं चर्चने चालवलेल्या कॉलेजात शिकवतोय, त्यामुळे आतून जे बघितलंय ते सांगतो.

पहिली गोष्ट, ती दोन पानं वेगळी वाचा. श्रद्धांचं पान म्हणजे आम्ही मिसाला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जे ‘सतमानतां’ म्हणतो त्याचाच मजकूर. तुम्हाला कोंकणी कळते म्हणून हा शब्द मुद्दाम वापरतो, सत मानतां, म्हणजे हे मी खरं मानतो. ते पान संस्था चालवणारे लोक स्वतःबद्दल सांगतायत, आम्ही कोण आणि कशावर उभे आहोत ते. तुमच्या मुलीच्या ओळीत ‘मानते’ नाही, ‘आदर करीन’ आहे. सत मानणं वेगळं आणि मान ठेवणं वेगळं. तुमच्या सासूबाई मिलाग्रीसला तेल घालतात तेव्हा त्या मान ठेवतात, सतमानतां म्हणत नाहीत, बरोबर ना?

मिशनचं पान मात्र तिच्यासाठी आहे, आणि ते कुठून आलं हे कळलं तर भीती कमी होईल असं मला वाटतं. कॅथलिक विद्यापीठ बहुतेक एखाद्या धर्मसंघाचं असतं आणि त्याचं मिशन हे संस्थापकाच्या आयुष्यातून आलेलं असतं. बेंगळुरूचं ख्राइस्ट विद्यापीठ घ्या, ते सीएमआय म्हणजे कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाचं. हा संघ केरळात मान्नानमला १८३१ मध्ये सुरू झाला, त्याच्या संस्थापकांपैकी एक फादर कुरियाकोस एलियास चावरा, ज्यांना २०१४ मध्ये संतपद मिळालं. त्यांचा आग्रह होता की प्रत्येक इगर्जीबरोबर (चर्चबरोबर) एक शाळा असलीच पाहिजे, आणि ती सगळ्यांच्या मुलांसाठी. त्याच विचाराने १९६९ मध्ये कॉलेज सुरू झालं आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. सेंट जोसेफ्स हे जेझुइटांचं, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक धर्मसंघाचं, १८८२ चं कॉलेज, २०२२ मध्ये विद्यापीठ झालं. जेझुइटांची रीत वेगळी, त्यांचा एक लॅटिन शब्द आहे ‘कुरा पेर्सोनालिस’, म्हणजे समोरच्या एकेका माणसाची त्याच्या सगळ्या बाजूंनी काळजी. त्यांच्या कॉलेजात मास्तर मुलाला घरचं कसं चाललंय विचारतो ते त्याच्यातूनच येतं.

आणि १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी जो नियमग्रंथ काढला, एक्स कोर्दे एक्लेसिए, त्यात एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत, की कॅथलिक शिकवणीचा प्रभाव विद्यापीठाच्या सगळ्या कामावर असावा आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य पूर्णपणे जपलं जावं. दुसरा अर्धा भाग न पाळणारा पाद्री भेटला तर तो आमच्याच नियमाविरुद्ध वागतोय हे लक्षात ठेवा.

मिरामारचा_वकील

मास्तरांनी छान सांगितलं, मी फक्त कायद्याचं सांगतो कारण सहीचा प्रश्न आहे.

राज्यघटनेचं कलम ३०(१) धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. म्हणजे ते पान छापण्याचा, संस्थेचं ख्रिस्ती स्वरूप जपण्याचा त्यांना हक्क आहे, त्यावर भांडू नका. पण कलम २८(३) पण वाचा. सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. त्यामुळे ताई, मुलगी अजून १८ ची झाली नसेल तर तुमची सही ही नुसती फॉर्मॅलिटी नाही, ती संमती म्हणून वापरली जाऊ शकते. आणि म्हणूनच ‘कार्यक्रम’ हा शब्द मोकळा सोडायचा नाही. एक साधा ईमेल करा, त्यात विचारा की कार्यक्रमांत प्रार्थना किंवा मिस धरलंय का आणि ते ऐच्छिक आहे का. उत्तर लेखी आलं की प्रिंट काढून फॉर्मच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळेच गोड बोलतात.

डिचोलीचा_दत्ता

पण मुळात विद्यापीठाला श्रद्धा कशाला पाहिजेत? शिकवायचं काम करावं. मला हे पटत नाही, कुठल्याही धर्माचं असो.

साष्टीचा_मास्तर

दत्ताबाब, प्रश्न बरोबर आहे पण कोऱ्या पाटीवर उभं राहिलेलं विद्यापीठ मला तरी दिसलं नाही. बनारस हिंदू विद्यापीठ १९१६ चं, मालवीयजींच्या मनात काही श्रद्धा होती म्हणूनच उभं राहिलं. अलिगड १९२० चं, तसंच. श्रद्धा लिहून ठेवली की निदान विद्यार्थ्याला आधी कळतं, न लिहिता वागण्यातून दाखवली की मग त्रास होतो.

ह्यूस्टनहून_मडगावकर

मी मूळचा मडगावचा, इथे राहून अमेरिकेतली जी ख्रिस्ती कॉलेजं बघितली त्यावरून एक सांगतो, कारण ख्रिस्ती म्हटलं की सगळं एकच असं समजू नका. प्रोटेस्टंट इव्हँजेलिकल कॉलेजांत हे श्रद्धांचं पान फार गंभीर असतं. इलिनॉयमध्ये व्हीटन म्हणून कॉलेज आहे, १८६० चं, तिथल्या प्राध्यापकांना दरवर्षी श्रद्धापत्रावर सही करावी लागते, आणि विद्यार्थीसुद्धा वागणुकीच्या करारावर सही करतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेने हिजाब घालून लिहिलं की मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच देवाची भक्ती करतात, तर तिला रजेवर पाठवलं आणि २०१६ मध्ये ती आणि कॉलेज यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. म्हणजे तिथे सतमानतांच म्हणावं लागतं, नुसता मान पुरत नाही. याउलट नोत्र दाम, १८४२ चं कॅथलिक विद्यापीठ, तिथे इतर धर्माचे प्राध्यापक असतात आणि त्यांना असली सही मागत नाहीत.

त्यामुळे ताई आधी बघा की ते विद्यापीठ कॅथलिक संघाचं आहे की दुसऱ्या कुठल्या चर्चचं. आणि सही ‘आदर’ला आहे की ‘विश्वास’ला, मास्तर म्हणतात तेच.

फोंड्याची_बाय

काकू, मी अशाच एका ठिकाणी तीन वर्षं शिकले, नाव लिहीत नाही. मी हिंदू, रूममेट नागालँडची बॅप्टिस्ट, बाजूच्या खोलीत एक मल्लू मुसलमान मुलगी. रोज सकाळी पहिल्या तासाला स्पीकरवर एक मिनिट प्रार्थना लागायची, इंग्लिशमध्ये, आपण उभं राहायचं. सुरुवातीला मला काय करायचं कळायचं नाही, हात जोडू की नको, मग मी आपलं डोळे मिटून मनात शुभं करोति म्हणायला लागले आणि तीन वर्षं तेच म्हटलं, कुणी काही विचारलं नाही. कपेल, म्हणजे छोटं चर्च, हॉस्टेलच्या खालीच होतं, जायची सक्ती नव्हती, पण परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्याच जायचो कारण तिथे शांत असायचं आणि पंखा चालू असायचा.

सेवेचं जे मिशनमध्ये लिहितात ते खरं होतं. दर शनिवारी झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवायला जायचं, त्याचे तास मोजून वहीत सही घ्यायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक मुलगा माझं पेनच घेऊन गेला आणि पुढच्या शनिवारी ते परत आणून दिलं, रिफिल संपलेली. त्या वस्तीत नसते गेले तर मी आज सोशल वर्कमध्ये नसते, हे नक्की.

पण मला जिथे लागलं ते तुम्ही कुणीच विचारलं नाही. चवथ! पहिल्या वर्षी मला एकच दिवस सुट्टी मिळाली, त्यात घरी येणंच शक्य नव्हतं. आमच्याकडे पाच दिवस गणपती, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट, बांधायला मी नाही असं कधी झालंच नव्हतं. अर्ज केला तर अटेंडन्स कमी पडेल म्हणून नाही म्हणाले. आईने व्हिडिओ कॉलवर माटोळी दाखवली, मी कॅन्टीनमागे बसून रडले. क्रिसमसला दहा दिवस सुट्टी असते आणि चवथीला एक, हे बोलून दाखवावं असं तेव्हा वाटलं नाही, दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही गोव्याच्या सात जणांनी मिळून, त्यात दोन कॅथलिक मुली पण होत्या, लेखी अर्ज दिला आणि तीन दिवस मिळाले. तेव्हा ईमेलमध्ये हे पण विचारा काकू.

पेडण्याचे_गुरुजी

मी निवृत्त मराठी शिक्षक. सांखळीच्या ताईंनी १५६० चा उल्लेख केला तो वाचून थांबलो, कारण ते दुखणं खरं आहे आणि कुणी ते हलकं करू नये. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत ते चाललं. आणि जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची जी एक कमान उरली आहे, त्या कॉलेजात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला. दोन्ही गोष्टींत चारच वर्षांचं अंतर.

मी मुलांना स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण शिकवायचो. इंग्लंडचा माणूस, जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला, आपल्या ओवीत त्याने येशूची कथा लिहिली आणि १६१६ मध्ये राशोलला ती छापली. त्याचं मिशन धर्मप्रसाराचंच होतं, त्याने ते लपवलं नाही. तरी मराठीचं जे कौतुक त्याने केलं ते आपल्यातल्या कितीतरी जणांना कधी जमलं नाही. पुढे बंगालात सेरामपूरला विल्यम केरी, मिशनरीच, त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश काढला, आणि १८१८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जे कॉलेज काढलं ते कुठल्याही जातीच्या, कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला खुलं ठेवलं. एका बाजूला देऊळ गेलं आणि एका बाजूला कोश आला, मला या दोन्हींची बेरीज आजवर करता आलेली नाही आणि मी ती करत पण नाही.

ताई, सासूबाईंना सांगा की आजचा फॉर्म तो काळ नाही. पण त्या गप्प झाल्या तर त्यांना गप्प राहू द्या, लगेच समजावायला जाऊ नका.

सांखळीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलभाऊंनी सांगितलं तसा परवा ईमेल केला, फोंड्याच्या बायने सांगितलेलं चवथीचं पण त्यातच घातलं. आज दुपारी उत्तर आलं. सकाळच्या प्रार्थनेला शांत उभं राहणं अपेक्षित आहे, म्हणणं नाही. मिस आणि रिट्रीट इतर धर्माच्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांना सक्तीचा, पण त्यात परीक्षा बायबलवर नसते, आणि त्यांनी सिलॅबसचं पान जोडून पाठवलंय. चवथीला दोन दिवस, जास्त हवे असतील तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज. आणि हो, विद्यापीठ कॅथलिक संघाचंच आहे, तेही विचारलं.

मुलीने सही करायच्या आधी ती ओळ मोठ्याने वाचली, मग ‘कार्यक्रमांत’ या शब्दाच्या बाजूला पेन्सिलने ईमेलची तारीख लिहिली आणि मग सही केली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी, सासूबाईंना मी काहीच समजावलं नाही. संध्याकाळी त्यांनीच विचारलं की तिथे शाकाहारी मेस असते का.

उद्या फी भरते. बाय, एक विचारू का, आम्ही वास्को यशवंतपूर गाडीने जाणार, तर गादी इथून न्यावी लागते की तिथे मिळते?

फोंड्याची_बाय

गादी तिथे देतात काकू, पांघरूण जाड न्या, डिसेंबरात थंडी असते. आणि एक डबा भरून आमसुलं द्या तिच्याबरोबर, तिथल्या आमटीला आपली चव नसते.